एका शिंगाचा पोलादी बोकड

मी एक जुना पोलादी बोकड आहे. मला एकच शिंग आहे, डावं. तुम्हा पोरांना 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. पण मित्रांनो, आपली मैत्री वगैरे काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तुमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकानं येता-जाता माझ्या नाकावर टिचकी मारली आहे. एकानं माझ्या कानात चघळून झालेला चिकट गोळा कोंबला होता. तो काढायला मला हात नाहीत, आणि ढुशी मारायला जागचं हलता येत नाही. नाहीतर तुम्हाला चांगली अद्दल घडवली असती.

जन्मलो तेव्हा मी बोकड नव्हतो. दोन बोटं रुंद आणि हातभर लांब अशी चौकोनी सळई होतो. लोखंडवाल्याच्या गोदामात माझ्यासारख्या वीसेक सळया भिंतीला टेकून उभ्या होत्या. आम्ही कुणाच्या अध्यात नव्हतो की मध्यात. तिथून मला उचललं ते लोहाराच्या मुलीनं. तिनं मला दगडावर आपटून आवाज ऐकला, टोक नखानं खरवडून पाहिलं आणि खांद्यावर टाकलं. सगळी गल्ली तिला ताई म्हणायची. तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंही ताईच म्हणायची, कारण तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

कारखाना कसला, पत्र्याची एक लांबट खोली होती. मागच्या कोपऱ्यात भट्टी, भट्टीपासून दोन पावलांवर ऐरण, भिंतीला आकाराप्रमाणे टांगलेल्या सांडश्या, आणि पुढे रस्त्याकडे उघडणारी एक रुंद खिडकी. भट्टीजवळ लाकडी बैठकीवर म्हातारा बसलेला असे. तो ताईचा बाप. पन्नास वर्षं घण मारून त्याचे हात थरथरायला लागले होते, त्यामुळे हातोडा सुटला होता. तोंड मात्र चालूच होतं. तिसरा होता ताईचा धाकटा भाऊ. घरात सगळ्यांत उंच तोच, म्हणून त्याला बारक्या म्हणायचे.

या लोकांचा धंदा जनावरं घडवायचा. खरी नव्हेत, शोभेची. कुणाच्या दारात ठेवायला कुत्रा, कुणाच्या टेबलावर घोडा, कुणाच्या कुंपणावर बसवायला मांजर. आणि त्या धंद्यात म्हाताऱ्याचा एक नियम होता, एक सळई, एक जनावर. पाय वेगळे करून जोडायचे नाहीत, शेपूट चिकटवायची नाही. डोक्यापासून खुरापर्यंत जे काही निघेल ते त्याच एका सळईतून ठोकून, चिरून, ओढून काढायचं. वेल्डिंग केलेलं जनावर म्हाताऱ्याला दाखवलं की तो दुर्गंध आल्यासारखं नाक मुरडायचा. बारक्यानं हौसेनं एक वेल्डिंगचं यंत्र आणलं होतं. म्हातारा त्याला 'डबडं' म्हणायचा आणि ते कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून असे. त्यावरून बापलेकांत आठवड्यातून चारदा तरी वाजायचं.

मला बोकड करायचं ठरलं ते एका दातांच्या डॉक्टरीणबाईंमुळे. त्यांचा नवा दवाखाना उघडणार होता आणि बाहेर बसणाऱ्या मुलांना बघायला काहीतरी गमतीचं हवं होतं. बोकडाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ही गोष्ट दातांच्या डॉक्टरला ठाऊक नसावी. असो. मला कुणी विचारलं नाही.

घडवणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला छान छान शब्दांत सांगतात. ते सगळं खोटं आहे. घडवणं म्हणजे मार खाणं. मला आधी भट्टीत पिवळंधमक होईपर्यंत तापवलं. मग ऐरणीवर ठेवून एका टोकाला छिन्नीनं उभी चीर पाडली, ते मागचे पाय. दुसऱ्या टोकाचे तीन भाग केले, त्यातले दोन पुढचे पाय आणि मधला भाग मान. पाय ओढून बारीक करायचे, खुराजवळ ठोकून पुन्हा जाड करायचे, गुडघे वाकवायचे. प्रत्येक वेळी तीन-चार घाव झाले की परत भट्टीत. असे चार दिवस. ताईचे हात पुढून करपलेले होते आणि ती काम करताना दात-ओठ खायची, जणू मी तिचं काही वाकडं केलं होतं. पण मी एक कबूल करतो, आणि नाइलाजानं करतो, की तिच्या हातात जादू होती. तिच्या हातोड्याखाली मला माझे पाय सापडत गेले.

आता एक नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. पिवळं असताना लोखंड ऐकतं. नारिंगी झालं की कुरकुरत का होईना, ऐकतं. लाली विझायला लागली की अजिबात ऐकत नाही. अशा वेळी हातोडा खाली ठेवायचा आणि सळई परत भट्टीत सारायची. तरीही मारलंत तर वरून आकार येतो आणि आत फाटतं. ही गोष्ट ताईला आठव्या वर्षापासून माहीत होती.

पाचव्या दिवशी शिंगं राहिली होती. डोक्याचं टोक चिरून दोन फाटे काढले होते. डावं शिंग ओढून, मागे वळवून झालं. उजवं निम्मं वळलं होतं. तेवढ्यात बारक्या दारात येऊन उभा राहिला. बाहेर त्यानं टेम्पो चालू करून ठेवला होता.

"झालं का गं ताई? बाई दोन वाजता दवाखाना उघडतायत. पाहुणे येतील."

"होतंय."

"मघाशी पण होतंय म्हणालीस."

"मग मघापासून होतंय!"

"पाय वेल्ड केले असते तर काल दुपारीच मोकळे झालो असतो."

"तो बोकड झाला नसता. स्टूल झालं असतं."

"बघणाऱ्या एकाला तरी कळतं का, जोड आहे की नाही ते?" बारक्याचा आवाज चढला. "तुम्हा दोघांचा नुसता ताठा आहे. बाबांचा होता, आता तू चालवतेयस."

ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिनं एका हातात सांडशी आणि दुसऱ्यात हातोडा तसाच धरून मान वळवली आणि त्याची अशी काही हजेरी घेतली की टेम्पोच्या आवाजातही सगळ्या गल्लीला ऐकू गेली असेल. तो आळशी, तो उतावळा, त्याला एक साधा खिळा धड ठोकता येत नाही, आणि निघाला तिला शिकवायला! हे सगळं होईपर्यंत मी ऐरणीवर पडून होतो. माझं शिंग पिवळ्याचं नारिंगी झालं, नारिंगीचं लाल, आणि लालीही विझत आली. मी ओरडलो असतो, पण मला घसा कुठे होता? ताई बोलता बोलता वळली आणि भावावरचा राग तिनं माझ्यावर काढला. दोन घाव, तीन घाव. शिंगाचं वळण सुंदर बसलं. आणि शिंगाच्या बुडाशी, आतल्या बाजूला, मला काहीतरी सुटल्यासारखं वाटलं.

ताईला ते दिसलं. केसाएवढी रेघ होती. तिचा हात थांबला. अशा वेळी काय करायचं तेही तिला माहीत होतं. ते शिंग कापून टाकायचं आणि नवं ओढायचं. अर्धा दिवस गेला असता. शिवाय दारात उभ्या असलेल्या भावासमोर कबूल करावं लागलं असतं. तिनं मला पुन्हा भट्टीत घातलं, रेघेवर हलके दोन घाव मारून ती मिटवली, तारेच्या ब्रशनं घासलं आणि गरम अंगावर मेण फिरवलं. मी काळाभोर, तकतकीत झालो. तडा आत राहिला.

मग म्हातारा उठून आला. त्यानं मला उजेडात धरायला लावलं, माझ्या शिंगांवरून थरथरता अंगठा फिरवला.

"जमलाय," तो म्हणाला. "असं शिंग मला कधी वळवता आलं नाही."

मित्रांनो, या माणसानं आयुष्यात पोरीची स्तुती केलेली नव्हती. ताईनं खाली पाहिलं. मला वाटलं आता सांगेल. तिच्या ओठांवर आलंही होतं, मी अगदी जवळून पाहिलं. पण बापाच्या तोंडून निघालेला तो एक शब्द तिला परत द्यावासा वाटला नाही. तिनं मला फडक्यात गुंडाळून बारक्याच्या हातात दिलं.

दवाखान्यासमोर बारक्यानं टेम्पो थांबवला आणि घाईघाईत मला शिंगाला धरून बाहेर ओढलं. जनावर शिंगाला धरून उचलायचं नसतं. पोटाखाली हात घालायचा असतो. तो चुकलाच, त्यात मला काही लपवायचं नाही. पण माझं वजन चार किलो. धड शिंगानं त्याच्या दसपट पेललं असतं. माझं शिंग त्याच्या मुठीत राहिलं आणि मी पायरीवर आपटलो. डॉक्टरीणबाई हसतमुखानं बाहेर आल्या, माझ्याकडे पाहिलं, त्याच्या मुठीकडे पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं.

परत येताना बारक्यानं मला शेजारच्या सीटवर ठेवलं होतं. एका वळणावर त्यानं टेम्पो बाजूला घेतला आणि शिंग उचलून तुटलेली जागा उन्हात धरली. ताजं मोडलेलं पोलाद करड्या, चमकत्या दाण्यांचं दिसतं. जुना तडा काळा दिसतो, कारण भट्टीच्या आगीनं तो आतपर्यंत काळवंडलेला असतो. माझ्या शिंगाचं तुटलेलं तोंड चारात तीन हिस्से काळं होतं. कडेला नखाएवढी जागा तेवढी चमकत होती. बारक्यानं त्या काळ्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं, आणि "हं," एवढंच म्हणाला. टेम्पो चालू केला.

आम्ही कारखान्यात शिरलो तेव्हा म्हातारा मागे हात धुवायला गेला होता. बारक्या सरळ ताईकडे गेला. मला आणि शिंगाला तिच्या समोर ठेवून म्हणाला, "ताई, बघ जरा." आणि टेम्पोचं फाळकं लावायला बाहेर गेला.

ताईनं बघितलं. एका नजरेत तिला सगळं कळलं. तिनं मला शेगड्याच्या, म्हणजे टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीच्या, जबड्यात आवळलं, ग्राइंडर लावला आणि माझी तुटलेली जागा आरशासारखी लखलखीत होईपर्यंत घासून काढली. मग शिंगाची. ठिणग्या तिच्या चपलांवर पडत होत्या आणि ती पाय मागे घेत नव्हती. आवाज ऐकून म्हातारा ओल्या हातानं पुढे आला.

"काय झालं?"

"बारक्यानं पाडला," ताई एका दमात म्हणाली. "शिंग वाकलं, तर गार असतानाच सरळ करायला गेला. मोडलं. नवं बसवायचं तर म्हणून मी जागा घासून घेतली."

बारक्या दारात येऊन उभा होता. म्हातारा त्याच्याकडे वळला.

"शिंगाला धरून उचललास?"

"उचलला."

"बस्स," म्हातारा म्हणाला. पुढे त्यानं काही विचारलं नाही. "गार लोखंड वाकवतोस? माझ्या घरात राहून, माझ्यादेखत लहानाचा मोठा होऊन? तुझं ते डबडं उचल आणि नीघ. पुन्हा या ऐरणीला हात लावायचा नाही."

बारक्यानं ताईकडे पाहिलं. ताई ग्राइंडरची वायर गुंडाळत होती. ती वायर तिनं गुंडाळली, सोडली आणि पुन्हा गुंडाळली.  मग बारक्या कोपऱ्यात गेला, गोणपाट बाजूला केलं आणि ते अवजड यंत्र एकट्यानं उचलून चालता झाला. माझा एकूण माणसांवरचा विश्वास त्या दिवशी उडाला.

माझं शिंग म्हाताऱ्यानं भंगारात फेकलं. मला नवं शिंग बसवू दिलं नाही. "राहू दे तसाच," तो म्हणाला. "खिडकीत ठेवा. आल्यागेल्याला दिसू दे, धसमुसळेपणा केला की काय होतं ते." डॉक्टरीणबाईंना घुबड दिलं. घुबडाला तर दातच नसतात.

आणि मी अकरा वर्षं त्या खिडकीत उभा राहिलो, दुसऱ्याच्या गुन्ह्याची पाटी गळ्यात अडकवून.

बारक्या काही लांब गेला नाही. त्यानं रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर गाळा घेतला. खिडक्यांचे गज, लोखंडी जिने, फाटकं. दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलं, 'मजबूत जोड, कमी वेळात'. त्याच आठवड्यात ताईनं आमच्या दारावर लिहिलं, 'जोड नाही'. पंचवीस पावलांचा रस्ता. तेवढ्या अंतरात ती दोघं अशी लढली की बघत राहावं. त्याच्या वेल्डिंगचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून तिनं खिडकीला निम्म्यापर्यंत पत्रा ठोकला. तिच्या भट्टीचा धूर गाळ्यात शिरतो म्हणून त्यानं दारात भलामोठा पंखा लावला आणि तो धूर परत तिच्याकडे ढकलला. त्यानं आपली रंगवलेली फाटकं आमच्या दारासमोर सुकत ठेवली. तिनं ती पाय लावून पाडली. एकदा तर भर रस्त्यात हमरीतुमरीवर आली, कारण काय, तर केराचा डबा कुणाच्या बाजूला आहे. भावाशी बोलताना ती त्याला 'अहो समोरचे' म्हणायची. तोही तिला तसंच म्हणायचा.

म्हातारा तर नावच काढत नसे. बारक्या सकाळी कुलूप काढताना बापाकडे बघून मान लववायचा. पहिली दोन वर्षं रोज. म्हातारा तोंड फिरवायचा. तिसऱ्या वर्षी बारक्यानं मान लववणं सोडलं. सगळ्या गल्लीत त्याची ओळख एकच राहिली: बापानं ज्याला गार लोखंड वाकवलं म्हणून हाकललं तो. त्याच्या गाळ्यावर येणारे लोकसुद्धा माझ्याकडे बोट दाखवून त्याची चेष्टा करायचे. "शिंग सांभाळा हो मालक!" तो हसायचा नाही.

ताईचं म्हणाल तर तिचं नाव झालं. तिची जनावरं लांब लांब गेली. पण माझ्या शेजारच्या कुत्र्यावरची, घोड्यावरची धूळ ती रोज पुसायची आणि मला कधी हात लावायची नाही. मला गंज चढला. पोटाखाली कोळ्यानं घर केलं. तुमच्यासारखी पोरं येऊन टिचक्या मारून गेली. अकरा वर्षांत तिनं एकदाही माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही, आणि मी बोकड असूनही मला त्याचा अर्थ कळत होता.

गेल्या हिवाळ्यात म्हातारा आजारी पडला आणि उठला तेव्हा निम्मा झाला होता. बैठकीवर बसून तो एके दिवशी माझ्याकडे बघत म्हणाला, "याला शिंग बसव."

"नवा बोकड करते ना बाबा," ताई म्हणाली. "याच्याहून चांगला."

"नवा नको. हाच."

"जोड येईल त्यात."

"मोडलेल्याला भट्टीतला जोड मी मानतो. विजेचा मानत नाही. या जनावराला एकदा धड बघू दे मला. उगाच अकरा वर्षं त्याला फासावर टांगलंय."

ताईनं आठवडाभर टोलवाटोलवी केली. कोळसा ओला आहे, हात दुखतो, आधी गिऱ्हाइकाचं काम. आठव्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा म्हाताऱ्यानं स्वतःच भट्टी पेटवली होती आणि मला मांडीवर घेऊन बसला होता. आता सुटका नव्हती. तिनं मला सांडशीत धरलं आणि माझं डोकं निखाऱ्यांत घातलं.

मित्रांनो, हात थरथरत असले तरी म्हाताऱ्याचे डोळे आगीला सरावलेले होते. मी लाल झालो, नारिंगी झालो. घासलेली जागा नारिंगी झाली. आणि तिच्या मधोमध एक काळी रेघ उमटली. तापलेल्या लोखंडात तडा लपत नाही. सगळं उजळतं आणि तेवढाच काळा राहतो. ताईनं वरवरचं घासलं होतं. तडा कवटीत खोलवर गेला होता.

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. ताईनं सांडशी त्याच्या हातात दिली. त्यानं मला डोळ्यांजवळ नेलं, इतकं की त्याच्या भुवया करपतील की काय असं वाटलं.

"हातानं वाकवलेलं शिंग मधे मोडतं," तो सावकाश म्हणाला. "हा डोक्यात शिरलाय. ऐरणीवर गार मारल्याशिवाय असा शिरत नाही."

ताईनं हातातला हातोडा ऐरणीवर ठेवला.

"तू मारलंस."

"हो बाबा."

"आणि काळं दिसलं म्हणून घासलंस."

"हो."

म्हाताऱ्यानं मला राखेत ठेवलं. ताईला वाटलं असेल तो ओरडेल. मला तर ते ऐकायचंच होतं, मी अकरा वर्षं वाट बघत होतो. तो ओरडला नाही.

"तडा गेल्याचं काही नाही गं," तो म्हणाला. "माझ्या हातून पन्नास गेलेत. तू घासलास." आणि स्वतःशीच पुटपुटला, "मी त्याला एकच प्रश्न विचारला."

दुपारी मी गार झालो. ताईनं मला उचललं, पोटाखाली हात घालून, आणि अंगावरचा चामड्याचा एप्रनही न काढता रस्ता ओलांडला. बारक्याच्या गाळ्यात दोन कारागीर होते, आणि खिडकीचे गज ठरवायला आलेल्या एक बाई होत्या. बारक्या तोंडावर मुखवटा ओढून वेल्डिंग करत होता. ताईनं मला त्याच्या टेबलावर ठेवलं.

"बारक्या," ती म्हणाली. त्या नावानं त्याला अकरा वर्षांत कुणी हाक मारली नव्हती.

त्यानं मुखवटा वर केला.

"शिंग तू नाही मोडलंस. मी गार मारलं होतं. तडा माझा होता. मी तो घासला आणि तुझ्यावर ढकललं." हे तिनं कारागिरांना आणि त्या बाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तेवढं मी तिच्या बाजूनं सांगून ठेवतो.

बारक्या माझ्याकडे बघत राहिला.

"बाबांना सांगितलंस?"

"त्यांना दिसलं. आज सकाळी, भट्टीत."

"म्हणजे सापडलीस म्हणून आलीस."

"हो."

बारक्यानं हातमोजे काढले आणि टेबलावर ठेवले. "मला तेव्हाच माहीत होतं," तो म्हणाला. "रस्त्यातच बघितलं होतं मी. काळं होतं. बाबांकडे न जाता मी तुझ्याकडे का आलो असेन गं? तुला आधी का दाखवलं?"

ताईची नजर माझ्या तुटक्या शिंगाच्या जागेवर गेली.

"तू नुसतं म्हणाली असतीस, 'बारक्या, सांभाळून घे', तर मी घेतलं असतं. बाबांना सांगितलं असतं, माझ्या हातून पडला. हसत सांगितलं असतं. तसंही बाबांच्या लेखी मी नालायकच होतो, अजून एक शिवी खाल्ली असती आणि संध्याकाळी आपण दोघं हसलो असतो त्यावर. मी बाहेर तुझ्या हाकेची वाट बघत उभा होतो, ताई. आणि आतून ग्राइंडरचा आवाज आला."

गज ठरवायला आलेल्या बाई जमिनीकडे बघत होत्या. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"माझ्याकडे मागितलं असतंस तर दिलं असतं," बारक्या म्हणाला. "तू चोरलंस. जा आता. गिऱ्हाईक थांबलंय."

ती गेली. मला तिथंच ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा काठी टेकत रस्ता ओलांडून आला. पंचवीस पावलं चालायला त्याला बराच वेळ लागला. दारात उभा राहून म्हणाला, "मी तुला विचारायला हवं होतं." बारक्यानं त्याच्याकडे खुर्ची सरकवली आणि चहा मागवला. आता म्हातारा रोज येतो. ज्याला डबडं म्हणायचा त्या यंत्राचा उजेड नको म्हणून पाठ करून बसतो, आणि जोड वाकडा आला की आवाजावरून ओळखून बारक्याला शिव्या देतो. बारक्या उलट बोलतो. त्या दोघांचं मिटलं म्हणायला हरकत नाही.

ताईचं मिटलेलं नाही. ती रोज शटर उघडताना इकडे बघते. बारक्या मान वर करत नाही. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून त्याला म्हणतात, "अहो, तुमचा तर जोडायचाच धंदा, याला एक शिंग चिकटवून टाका की!" तो म्हणतो, "ते माझं काम नाही. समोर राहते ती बसवेल, तिला वाटेल तेव्हा." तो हे मुद्दाम मोठ्यानं म्हणतो. रस्त्यापलीकडे ऐकू जातं. ती अजून आलेली नाही. बहुतेक पुन्हा हाकलून देईल या भीतीनं येत नसावी, आणि तो पुन्हा हाकलून देईलही. पण यायला हवं. दहा वेळा हाकललं तर अकराव्यांदा यायला हवं. अकरा वर्षांची चोरी एका दुपारच्या रडण्यात फिटत नाही, हे मलासुद्धा कळतं, आणि माझ्या डोक्यात तर नुसतं लोखंड आहे.

तेव्हा मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे, आणि ती मी गोड आवाजात करणार नाही. वस्तू जपा वगैरे तुम्हाला सगळे सांगतात, ते ऐका. पण वस्तू मोडतात. तुमच्याही हातून मोडतील. मोडली की तुटलेली जागा आहे तशी घेऊन आपल्या माणसाकडे जा आणि म्हणा, सांभाळून घे. घेणारा माणूस बहुधा दारातच उभा असतो. त्याला ग्राइंडरचा आवाज ऐकवू नका. आणि माझ्याकडे बघून तुम्हाला कीव आली, तर ती तुमच्याजवळच ठेवा. माझ्या डोक्यावरून लाडानं हात फिरवायला येऊ नका. तडा अजून उघडा आहे, बोट कापेल.